जालन्याहून दुबई किती लांब?

जालना ते दुबई हे हवाई अंतर सुमारे २,१९० किलोमीटर भरतं. मुंबईहून विमानात बसलेला माणूस सव्वातीन तासांत दुबईला उतरतो. दोन्ही आकडे बरोबर आहेत. पण जालन्यातल्या माणसाने एवढ्याच भरवशावर घर सोडलं, तर त्याचं विमान हमखास चुकेल. अंतर पृथ्वीने ठरवून दिलेलं असतं, ते कुणासाठी कमी-जास्त होत नाही. वेळेचं तसं नाही. ती वारा ठरवतो, दोन देशांमधले संबंध ठरवतात आणि सगळ्यांत जास्त ठरवतात रूळ आणि रस्ते. विमानतळाच्या शेजारी राहणाऱ्याला या हिशेबाचा निम्मा भाग कधी दिसतच नाही. म्हणून आपण तो जालन्याहून मांडू.

आधी अंतर. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. त्यातली एक चांगली गोल मोसंबी हातात घ्या. देठ म्हणजे उत्तर ध्रुव. देठापासून सारख्याच अंतरावर, पण एकमेकांपासून बरेच लांब, असे दोन ठिपके पेनाने काढा. एका ठिपक्यावर शिवणाचा दोरा अंगठ्याने दाबून धरा आणि दुसऱ्या ठिपक्यापर्यंत आणा. दोरा सैल असेल तर तो फळाच्या मध्यरेषेला समांतर ठेवता येतो. त्याला ताण द्या. तो आपोआप देठाच्या बाजूला सरकतो, आणि तुमच्या हातात थोडा दोरा शिल्लक राहतो. ताणलेल्या दोऱ्याची ही वाट म्हणजे दोन ठिपक्यांमधली सर्वांत जवळची वाट. भूगोलात तिला बृहद्वृत्ताचा कंस म्हणतात, आणि दोन शहरांमधलं हवाई अंतर म्हणून जो आकडा दिला जातो तो याच कंसाची लांबी असते.

हातात उरलेला दोरा किती असू शकतो? तुर्कस्तानातलं अंकारा आणि चीनमधलं बीजिंग ही दोन्ही शहरं जवळजवळ ४० अंश उत्तर अक्षांशावर आहेत. नकाशावर पट्टी ठेवली तर वाट सरळ पूर्वेला जाते आणि सुमारे ७,१०० किलोमीटर भरते. बृहद्वृत्ताने मोजली तर सुमारे ६,८००. म्हणजे तीनशे किलोमीटर वाचले, मात्र ती वाट मध्यावर थेट सव्वाअठ्ठेचाळीस अंशांपर्यंत उत्तरेला चढून कझाकस्तानवरून जाते. भिंतीवरच्या सपाट नकाशात ती धनुष्यासारखी वाकलेली दिसते आणि पाहणाऱ्याला वाटतं, विमान उगाच वळसा घेतंय. जालना-जेद्दासारख्या मार्गावर हा फायदा नगण्य असतो. दोन्ही गावं विषुववृत्ताच्या त्या मानाने जवळ आहेत आणि त्यांच्यातलं रेखांशांचं अंतरही कमी आहे.

गोलावरचं अंतर अंशांत मोजण्याची ही रीत आपल्या परिसराला नवी नाही. जालन्याच्या वायव्येला, सातमाळ-अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी चाळीसगावजवळ पाटण आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याची नोंद असलेला, इ.स. १२०७ चा शिलालेख तिथे आहे. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लिहिलेल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’च्या गोलाध्यायात पृथ्वीचा परीघ काढण्याची युक्ती सांगितली आहे. उज्जयिनी विषुववृत्तापासून परिघाच्या सोळाव्या हिश्श्यावर आहे. तेवढं अंतर कळलं की सोळाने गुणायचं. आज आपण परीघ ४०,००० किलोमीटर धरतो. त्याचा सोळावा हिस्सा २,५००. उज्जैन प्रत्यक्षात विषुववृत्तापासून सुमारे २,५६० किलोमीटरवर आहे. बाराव्या शतकातल्या या अचूकतेपुढे मान तुकवावीशी वाटते.

आणखी एक गोष्ट जालनेकरांनी जरूर लक्षात ठेवावी. भारतीय ज्योतिर्गणितात शून्य मानलेलं रेखावृत्त उज्जैनवरून जात असे. उज्जैनचे रेखांश सुमारे ७५.८ पूर्व, जालन्याचे ७५.९. जालना उज्जैनच्या जवळजवळ थेट दक्षिणेला, साधारण ३७० किलोमीटरवर आहे. गावोगावच्या गणितात करावा लागणारा देशांतराचा संस्कार, म्हणजे रेखांशाच्या फरकासाठीची दुरुस्ती, जालन्यासाठी जवळपास शून्यच येतो.

आता वेळ, आणि सुरुवात जुन्या व्यापारी वाटेपासून. जालना जिल्ह्यातलं भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांचीच्या स्तूपाला दान देणाऱ्यांच्या लेखांत या गावचे लोक भेटतात. इथल्या उत्खननात हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती सापडली, आणि तिचं इटलीतल्या पॉम्पेई इथे मिळालेल्या हस्तिदंती मूर्तीशी असलेलं साम्य अभ्यासकांनी दाखवून दिलं. पॉम्पेई इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं, म्हणजे तिथली मूर्ती त्याआधीच समुद्रापार पोचलेली होती. दख्खनचा माल बाहेर जायचा तो भडोचच्या बंदरातून. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दी-व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’मध्ये या वाटेचा हिशेब किलोमीटरसारख्या मापात नाही, दिवसांत आहे: भडोचपासून पैठण वीस दिवस, पैठणपासून तेर दहा दिवस. भडोच-पैठण हवाई अंतर साधारण ३५० किलोमीटर, पैठण-तेर साधारण १५०. म्हणजे सरळ रेषेत रोज पंधरा ते अठरा किलोमीटर. दोन्ही टप्प्यांचा वेग इतका जुळतो की सांगणाऱ्याला ही वाट नीट ठाऊक होती यात शंका वाटत नाही. घाट, नद्या, बैलांचा विसावा हे सगळं त्या वीस दिवसांत धरलेलं होतं. व्यापाऱ्याला हवं होतं तेवढंच त्याने लिहिलं: माल बंदरावर कधी पोचेल.

विमानाच्या बाबतीत असाच पूर्ण हिशेब १५ ऑक्टोबर १९३२ च्या उड्डाणाचा मांडता येतो. त्या दिवशी जे.आर.डी. टाटा यांनी टपाल घेऊन कराचीहून मुंबईला एकट्याने विमान आणलं. छोटं पुस मॉथ, एका इंजिनाचं, ताशी दीडेकशे किलोमीटर वेगाचं. सकाळी ६.३५ ला कराची सोडली, अहमदाबादला इंधन भरलं, आणि दुपारी १.५० ला ते जुहूच्या मैदानावर उतरले. अहमदाबादेत इंधनाचे डबे बैलगाडीवरून आले होते. कराची-मुंबई हवाई अंतर जेमतेम ८८० किलोमीटर, अहमदाबादवरून गेल्यामुळे ते १,०४० च्या आसपास झालं. एकूण सव्वासात तास.

आजच्या जेट विमानाला कराची ते मुंबई दीड तास पुरे. पण या दोन शहरांमध्ये आज थेट विमान नाही. तिसऱ्या देशातून जायचं तर मुंबई ते दुबई १,९३० किलोमीटर आणि दुबई ते कराची जवळपास १,२००, मिळून तीन हजारांच्या वर. मधला थांबा धरला तर जेआरडींच्या सव्वासात तासांत हा प्रवास उरकणं आज कठीण आहे. नव्वद वर्षांत विमान पाचपटींहून वेगवान झालं, आणि या दोन आशियाई शहरांमधली वाट लांबली.

आकाशात रस्ते नसतात असं आपण मानतो. प्रत्यक्षात ते असतात, आणि त्यांना फाटकंही असतात. दिल्ली आणि कझाकस्तानातलं अल्माटी एकाच रेखावृत्तावर आहेत. दिल्लीहून नाकासमोर उत्तरेला १,६४० किलोमीटर गेलं की अल्माटी. पण त्या सरळ रेषेवर हिमालय, काराकोरम आणि तिबेटच्या पठाराचा कडा आहे. विमानातल्या हवेचा दाब अचानक उतरला, तर वैमानिकाला दहा हजार फुटांपर्यंत खाली यावं लागतं, कारण प्रवाशांच्या डोक्यावरच्या मुखवट्यांतला प्राणवायू साधारण बारा ते पंधरा मिनिटांपुरताच असतो. खाली वीस-पंचवीस हजार फुटांचे डोंगर असतील तर उतरायचं कुठे? म्हणून विमानं पश्चिमेला वळून पाकिस्तानवरून जात. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं आणि इंडिगोला अल्माटी व ताश्कंदची उड्डाणं थांबवावी लागली. २०१९ मध्येही फेब्रुवारीच्या अखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत हे आकाश बंद होतं. मुंबईहून आखाताकडे जाणारी वाट अरबी समुद्रावरून जाते, तिला याची झळ फार बसत नाही. मराठवाड्यातून आखातात कामाला गेलेल्या माणसाच्या दृष्टीने ही दिलाशाची गोष्ट आहे.

या समुद्रावरच्या वाटेवर वाऱ्याचा खेळ मात्र स्वच्छ दिसतो. मुंबईहून दुबईला जाताना सव्वातीन तास, येताना तीन तासांहून थोडे कमी. हिवाळ्यात उत्तर भारतावर, दहा-बारा किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारा वाहतो. त्याला जेट प्रवाह म्हणतात, आणि त्याच्या गाभ्यात ताशी दीडशे-दोनशे किलोमीटरचा वेग सहज सापडतो. समजा, विमानाचा स्वतःचा वेग ताशी ९०० आहे आणि वारा ताशी १०० किलोमीटरने समोरून येतोय. मग जमिनीवरून मोजलेला वेग ८००, आणि १,९३० किलोमीटरला २ तास २५ मिनिटं. परतताना तोच वारा पाठीशी, वेग १,०००, वेळ १ तास ५६ मिनिटं. वारा नसता तर जाऊन-येऊन ४ तास १७ मिनिटं लागली असती, वाऱ्यामुळे ४ तास २१ लागली. जाताना गमावलेलं सगळं येताना परत मिळत नाही, कारण समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ असतं आणि पाठच्या वाऱ्यात कमी वेळ. कंपन्या वेळापत्रकात या वेळेत धावपट्टीपर्यंतचं रांगणं, वर चढणं, उतरणं आणि थोडी सवड मिळवतात, म्हणून तिकिटावरचा आकडा मोठा दिसतो.

पावसाळ्यात हे चित्र पालटतं. पश्चिमेकडून येणारा जेट प्रवाह हिमालयाच्या उत्तरेला सरकतो आणि दक्षिण भारतावर खूप उंचावर उलटा, पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणारा प्रवाह उभा राहतो. जमिनीलगत नैर्ऋत्येकडून ढग येत असतात, आणि त्याच वेळी चौदा-पंधरा किलोमीटर वर वारा बरोबर विरुद्ध दिशेने धावत असतो. बदनापूर-अंबडचा शेतकरी ज्या पावसाकडे डोळे लावून बसतो, त्याच मान्सूनचा हा वरचा भाग. त्याच्या जोराचा आणि पावसाचा संबंध हवामानशास्त्रज्ञ बारकाईने तपासत असतात.

तिकीट वाचतानाही थोडं सावध राहावं लागतं. तिकिटावर दोन्ही वेळा आपापल्या गावच्या घड्याळाच्या असतात. मुंबईहून पहाटे ४ ला निघालेलं विमान दुबईला ५.४५ ला पोचतं असं छापलेलं असतं, आणि पहिल्यांदा जाणाऱ्याला वाटतं पावणेदोन तासांचाच प्रवास आहे. दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे, तो मिळवला की सव्वातीन होतात. परतीच्या तिकिटावर उलट होतं: तिथून सकाळी १० ला निघून इथे २.२० ला. चार तास वीस मिनिटं दिसतात, त्यातून दीड तास वजा करायचा. सूर्याच्या हिशेबाने जालना आणि दुबई यांच्यात ८२ मिनिटांचा फरक आहे, कारण एका अंशाला सूर्याला चार मिनिटं लागतात आणि दोघांमध्ये साडेवीस अंश आहेत. घड्याळात मात्र तो ९० मिनिटांचा झालाय, कारण प्रत्येक देश आपल्या सोयीचं रेखावृत्त निवडतो. आपण प्रयागराजजवळचं साडेब्याऐंशी अंशांचं निवडलं, म्हणून जालन्यात सूर्य डोक्यावर येतो तोवर घड्याळात साधारण साडेबारा वाजायला आलेले असतात.

इथे एक गोष्ट ठासून सांगावीशी वाटते. एअर इंडियाकडे १९६० मध्ये पहिलं बोइंग ७०७ आलं. त्याचा वेग ताशी नऊशे किलोमीटरच्या घरात होता. आजची प्रवासी विमानं त्याच वेगाने, बऱ्याचदा किंचित कमीच वेगाने उडतात. अकरा किलोमीटर उंचीवरच्या थंड हवेत ध्वनीचा वेग ताशी सुमारे १,०६० किलोमीटर असतो, आणि त्याच्या फार जवळ गेलं की हवेचा रोध एकदम वाढून इंधन बेसुमार जळतं. म्हणजे गेल्या साठ-पासष्ट वर्षांत हवेतला वेळ वाचलेलाच नाही. जो वाचला तो जमिनीवर. जालन्याच्या बाबतीत हे अगदी आकड्यांनी दाखवता येतं.

जालना ते मुंबई सरळ रेषेत सुमारे ३२५ किलोमीटर. रेल्वेने साधारण ४३५. हे जास्तीचे शंभरेक किलोमीटर निजामाच्या काळातले आहेत. १९०० च्या सुमारास हैदराबाद संस्थानाने सिकंदराबादहून मनमाडपर्यंत मीटरगेज लाइन टाकली, आणि मनमाडला ती मुंबईच्या ब्रॉडगेजला भेटली. जालन्याहून निघालेली गाडी त्यामुळे आधी वायव्येला मनमाडपर्यंत चढते आणि मग नाशिकमार्गे नैर्ऋत्येला उतरते. दोन गेजचे डबे एका रुळावर चालत नाहीत, म्हणून प्रवाशाने मनमाडला गाडी बदलायची आणि जालन्याच्या बाजारातल्या कापसाच्या गाठी एका वॅगनमधून उतरवून दुसरीत भरायच्या, असं जवळजवळ शतकभर चाललं. ब्रॉडगेज झालं ते १९९० च्या दशकात. त्यानंतरही मार्ग एकेरी होता, समोरची गाडी येईपर्यंत स्टेशनात ‘क्रॉसिंग’ला थांबणं हा प्रवासाचा ठरलेला भाग. ३० डिसेंबर २०२३ ला जालना-मुंबई वंदे भारत सुरू झाली तेव्हा हे अंतर सुमारे सात तासांवर आलं. पुढे तीच गाडी नांदेडपर्यंत नेण्यात आली. ५ जून २०२५ पासून समृद्धी महामार्ग नागपूर ते मुंबईजवळचं आमणे असा ७०१ किलोमीटर पूर्ण खुला आहे. जालन्याहून आमण्यापर्यंत मोटारीने चारेक तास लागतात, त्यापुढची गर्दी वेगळी.

आता वंदे भारतने निघणाऱ्या प्रवाशाचा पूर्ण हिशेब मांडू. रेल्वे सात तास. सीएसएमटीवरून सामानासह विमानतळ दीड तास. परदेशी विमानासाठी तीन तास आधी पोचायचं. हवेत सव्वातीन तास. उतरल्यावर पासपोर्ट आणि सामान, एक तास. एकूण पावणेसोळा. त्यात विमानाचा वाटा पाचवा हिस्सा. विमान कितीही वेगवान केलं, अगदी वेळ अर्ध्यावर आणला, तरी या माणसाचा दीड तास वाचेल. रेल्वेच्या वेळापत्रकाचा विमानाच्या वेळेशी मेळ बसवला तर त्याहून अधिक वाचू शकतो.

जालना शहरापासून पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर चिकलठाण्याचा विमानतळ आहे, छत्रपती संभाजीनगरचा. तिथून मुंबई हवाई मार्गाने २८० किलोमीटर. क्रूझच्या वेगाने हे वीस मिनिटांचं काम, वेळापत्रकात मात्र तासाभराचं. छोट्या उड्डाणात विमान सपाट उडतं ते थोडाच वेळ, बाकी चढण आणि उतरण. शिवाय मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत, आणि उतरणाऱ्या विमानांना वर घिरट्या घालत थांबावं लागतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालेल्या नवी मुंबईच्या विमानतळामुळे ही रांग कमी होईल अशी अपेक्षा आहे.

पण चिकलठाण्याहून थेट परदेशी विमान उडालं की काय होतं, हे मराठवाड्याने पाहिलेलं आहे. हजला जाणारे यात्रेकरू पूर्वी मुंबईहून जहाजाने जेद्दाला जात. सुमारे २,३०० सागरी मैलांचा, म्हणजे सव्वाचार हजार किलोमीटरचा तो प्रवास जुन्या जहाजांना बारा ते पंधरा दिवस घेई. १९९५ मध्ये ती जहाजं बंद झाली. छत्रपती संभाजीनगर हे नंतर हज यात्रेच्या प्रस्थानकेंद्रांपैकी एक झालं. चिकलठाणा ते जेद्दा सुमारे ३,७६५ किलोमीटर, साडेपाच तासांच्या आसपास. जालन्याचा यात्रेकरू घरून तासा-सव्वातासात विमानतळावर, तीन तास तिथे, साडेपाच तास हवेत, म्हणजे घराच्या उंबऱ्यापासून जेद्दाच्या धावपट्टीपर्यंत दहा तासांच्या आत-बाहेर. दुबई जेद्दापेक्षा बरीच जवळ असूनही तिथे पोचायला त्याच जालनेकराला मुंबईमार्गे पावणेसोळा तास लागतात. चिकलठाण्याहून दुबई २,१४० किलोमीटर आहे. तिथून थेट विमान मिळालं तर साडेतीन तासांचं उड्डाण धरून हा प्रवास नऊ तासांत बसतो, आणि त्यासाठी लागणारी धावपट्टी आज आहेच.